वाट जरा वाकडी करा : औंध

श्रोतेहो, साताऱ्याहून सांगलीला जायचे म्हटले की आपण हमरस्ता धरतो. कऱ्हाडला चहा घ्यायचा, पेठनाक्याला वळायचे, की सांगली आलीच! पण येत्या सुट्टीत मुलाबाळांना घेऊन निघालात, तर वाट जरा वाकडी करा. रहिमतपुरावरून औंधला जा. साताऱ्यापासून चाळीसेक किलोमीटरवर, खटाव तालुक्यातले हे गाव. आम्ही घरची मंडळी असेच एकदा तिकडे वळलो. गाव पाहून धाकटा म्हणाला, “ही राजधानी? एवढीशी?”

पोराचे काही चुकले नाही. बाजारपेठ लहान, गर्दी बेताची. डोंगरावर यमाईचे देऊळ, पायथ्याशी गाव. पण एके काळी पंतप्रतिनिधींच्या संस्थानाचा कारभार इथूनच चाले. संस्थान तरी केवढे? एकूण ७२ गावे, आणि तीही एका जागी नव्हेत, बरं का! औंध आणि किन्हई आजच्या सातारा जिल्ह्यात, कुंडल आणि आटपाडी आजच्या सांगली जिल्ह्यात, तर गुणदाळ पार विजापूरकडे. फाटक्या गोधडीचे तुकडेच जणू!

१९०९ साली भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी गादीवर आले. माणूस मोठा हौशी. स्वतः चित्रे काढीत, कीर्तन करीत. सूर्यनमस्काराचा तर त्यांना ध्यासच होता. तो त्यांनी शाळाशाळांतून नेला. १९१० साली लक्ष्मणराव किर्लोस्करांना कारखान्यासाठी जागा हवी होती. बाळासाहेबांनी कुंडलजवळचा माळ दिला. निवडुंगाच्या त्या माळावर किर्लोस्करवाडी उभी राहिली. गरिबांच्या मुलांची शिकण्याची सोय औंधला होई. साने गुरुजी लहानपणी काही काळ इथे शिकले. गदिमाही इथल्याच शाळेचे विद्यार्थी.

टेकडीवरचे श्रीभवानी वस्तुसंग्रहालय अवश्य पाहा. तिथे राजा रविवर्म्याची चित्रे आहेत आणि हेन्री मूर या जगप्रसिद्ध इंग्रज शिल्पकाराने घडवलेले मायलेकराचे शिल्पही आहे. लंडन-पॅरिसला शोभावे असे हे धन खटावच्या माळावर आहे, आणि आपण मात्र हमरस्त्यावरून गाडी पळवीत असतो!

पण मंडळी, औंधची खरी ठेव काचेच्या कपाटात मावणारी नाही. १९३८ साली बाळासाहेबांनी जाहीर केले की, राज्याचा कारभार आता प्रजेच्या हाती देणार. त्यांचे चिरंजीव अप्पासाहेब पंत आणि मॉरिस फ्रिडमन नावाचे पोलंडचे इंजिनिअर यांनी त्यासाठी खटपट केली. गांधीजींचा सल्ला घेतला. जानेवारी १९३९ मध्ये नवी राज्यघटना आली. गावाने पाच जणांची पंचायत निवडावी, पंचायतींमधून तालुक्याची सभा व्हावी आणि तालुक्यांतून विधिमंडळ उभे राहावे, अशी ती रचना. घराचा पाया आधी घालतात, कळस मागून चढवतात. तसेच हे झाले. बाकीचे बहुतेक संस्थानिक आपली गादी सांभाळण्याच्या विवंचनेत होते. त्या वेळी या राजाने आपली सत्ता आपल्या हाताने खाली उतरवून ठेवली.

त्याच सुमारास आटपाडीजवळ स्वतंत्रपूर वसले. शिक्षा झालेल्या कैद्यांनी तिथे भिंतीवाचून राहावे, बायकामुलांसह शेती करावी! ‘दो आँखें बारह हाथ’ हा व्ही. शांताराम यांचा १९५७ सालचा चित्रपट आपण पाहिला असेल. त्याचे मूळ या वसाहतीत आहे.

हा प्रयोग जेमतेम नऊ वर्षे चालला. ८ मार्च १९४८ रोजी संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले. देश एक झाला, ते योग्यच झाले. पण गावाच्या हातात आलेला कारभार पुन्हा वरच्या कचेरीकडे गेला. महाराष्ट्रात जिल्हा परिषदा आल्या १९६२ साली. पंचायतींना देशाच्या घटनेत पक्के स्थान मिळाले ते १९९३ साली. जे हातून गेले होते, ते परत यायला किती वर्षे लागली, पाहा! आणि यातून एक गोष्ट ध्यानात येते. राजाने दिलेली सत्ता राजाबरोबर जाऊ शकते. लोकांनी वापरून अंगवळणी पाडलेली सत्ता सहसा जात नाही.

म्हणून गुरुजींना माझी एक विनंती आहे. मुलांची सहल औंधला न्या. यमाईच्या पायऱ्या चढवा, चित्रे दाखवा. मग सावलीत बसवून एवढेच विचारा, “मुलांनो, आपल्या गावची ग्रामसभा मागे कधी भरली होती? तुमच्या घरून कोण गेले होते?” उत्तर आले नाही, तर रागावू नका. तोच प्रश्न आपण घरी जाऊन स्वतःला विचारू.

आमच्या धाकट्याला परतीच्या वाटेवर मी म्हणालो, “राजधानी लहान होती खरी, पण तिथल्या राजाने गावाला मोठे मानले.” तो थोडा वेळ गप्प बसला आणि म्हणाला, “मग आपल्या गावचा राजा कोण?”

श्रोतेहो, तुम्हीच सांगा, काय उत्तर द्यावे?