नाशिकची वाइन

नाशिकची वाइन म्हणजे महाराष्ट्राच्या नाशिक जिल्ह्यात पिकवलेल्या द्राक्षांपासून तेथेच तयार होणारी वाइन होय. 'नाशिक व्हॅली वाइन' या नावाने तिला भौगोलिक मानांकन मिळाले आहे. वाइनच्या द्राक्षांची लागवड मुख्यतः नाशिक, दिंडोरी, निफाड आणि इगतपुरी या तालुक्यांत होते. मुंबई–नाशिक महामार्ग भिवंडी आणि शहापूर तालुके ओलांडून कसारा घाट चढला की हे पठार सुरू होते. नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंचीवर आहे. भिवंडीच्या दमट हवेत हिवाळ्यातही रात्री फारशा थंड होत नाहीत. नाशिकला मात्र त्या काळात दिवस उबदार व रात्री गार असतात. द्राक्षात साखर भरत असताना आंबटपणाही टिकून राहतो तो या फरकामुळे.

लागवड

युरोप किंवा कॅनडात द्राक्षवेल हिवाळ्यात सुप्तावस्थेत जाते आणि फळ उन्हाळ्याच्या अखेरीस तयार होते. नाशिकची वेल अशी झोपत नाही. तिचे वर्ष छाटणीने बांधावे लागते. एप्रिलच्या सुमारास खरड छाटणी करून नवी काडी तयार केली जाते, पावसाळाभर ती जपली जाते आणि पाऊस ओसरल्यावर, साधारणतः सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये, फळ छाटणी होते. तोडणी जानेवारी ते मार्च या काळात येते. छाटण्या दोन असल्या तरी पीक एकच घेतले जाते. पावसाळ्यात केवडा आणि पुढे भुरी हे रोग बागायतदाराची झोप उडवतात. फळ छाटणीनंतरचा अवकाळी पाऊस तर हंगामच हातचा घालवू शकतो.

खाण्याच्या द्राक्षांहून ही द्राक्षे निराळी असतात. मणी लहान, साल जाड आणि आत बिया. पांढऱ्यांत सोव्हिनियाँ ब्लाँ व शेनाँ ब्लाँ, तर काळ्यांत शिराझ व कॅबर्ने सोव्हिनियाँ या जाती येथे रुळल्या आहेत. पांढऱ्या वाइनसाठी रस काढून केवळ त्याचे किण्वन करतात. लाल वाइनमध्ये साली रसाबरोबर राहतात. रंग आणि जिभेला जाणवणारा तुरटपणा (टॅनिन) मुख्यतः सालींतून येतो.

इतिहास आणि धोरण

महाराष्ट्रातील आधुनिक वाइनची सुरुवात नाशिकला नव्हे, तर पुणे जिल्ह्यातील नारायणगाव येथे झाली. शामराव चौगुले यांनी १९८०च्या दशकात तेथे 'शँपेन इंडेज' ही कंपनी उभी केली आणि तिची 'ओमर खय्याम' ही फेसाळ वाइन परदेशांतही विकली गेली. नाशिकचे नाव पुढे आले ते राजीव सामंत यांच्या 'सुला विनयार्ड्स'मुळे. या कंपनीची पहिली वाइन २००० साली बाजारात आली. २००१ साली राज्य शासनाने द्राक्षप्रक्रिया उद्योगाचे धोरण जाहीर केले. नाशिक जिल्ह्यातील विंचूर आणि सांगली जिल्ह्यातील पलूस येथे वाइन पार्क ठरवण्यात आले.

धोरणाच्या उत्साहात अनेक शेतकऱ्यांनी खाण्याची द्राक्षे सोडून वाइनच्या जाती लावल्या. २००८-०९च्या मंदीत मागणी घसरली, वाइनरींनी खरेदी आवरती घेतली आणि काहींची देणी थकली. वाइनची द्राक्षे फळबाजारात खपत नाहीत. वाइनरीने माल नाकारला की शेतकऱ्याला दुसरे गिऱ्हाईक उरत नाही, त्यामुळे त्या काळात अनेकांनी उभ्या बागा उपटून टाकल्या. या उद्योगाच्या यशोगाथांत ही बाजू क्वचितच सांगितली जाते.

२७ जानेवारी २०२२ रोजी राज्य मंत्रिमंडळाने मोठ्या किराणा दुकानांत व सुपरमार्केटमध्ये वाइन विक्रीस परवानगी देण्याचा निर्णय घेतला. द्राक्ष उत्पादकांना बाजारपेठ मिळावी, असे शासनाचे म्हणणे होते. विरोधी पक्षाने त्यावर टीका केली आणि अण्णा हजारे यांनी उपोषणाचा इशारा दिला. वाइन ही दारू नव्हे, असा युक्तिवाद त्या वादात वारंवार झाला. तो टिकणारा नाही. वाइनमध्ये साधारणतः १२ ते १४ टक्के अल्कोहोल असते, तिच्यावर राज्याचा दारूबंदी कायदा लागू होतो आणि जागतिक आरोग्य संघटनेची कर्करोग संशोधन संस्था मद्याची गणना कर्करोगकारक पदार्थांत करते. शेतकऱ्याच्या बाजारपेठेचा प्रश्न याने खोटा ठरत नाही, इतकेच.

गोड वाइन आणि कॅनडा

कॅनडाची प्रसिद्ध 'आइसवाइन' वेलीवरच गोठलेल्या द्राक्षांपासून होते. ऑन्टारियोतील नायगारा भागात तापमान उणे ८ अंश सेल्सियस किंवा त्याखाली गेल्यावर तोडणी करतात; गोठलेले पाणी मागे राहते आणि अतिशय गोड, आंबट रस निघतो. नाशिकला हे अशक्य आहे. येथे शेनाँ ब्लाँचे घड वेलीवर जास्त दिवस ठेवून उशिराच्या तोडणीची गोड वाइन करतात.

जेवणाबरोबर

परदेशी पुस्तकांतील नियम मराठी ताटाला जसेच्या तसे लागू पडत नाहीत, कारण ते मिरची गृहीत धरत नाहीत. अल्कोहोल आणि टॅनिन या दोहोंनी तिखटाची आग वाढते. म्हणून भिवंडी परिसरातील आगरी पद्धतीच्या झणझणीत कालवणाबरोबर तुरट कॅबर्ने बहुधा फसते. किंचित गोडसर, गार शेनाँ ब्लाँ अधिक जुळते. तळलेल्या बोंबलावर आपण लिंबू पिळतो, ते काम सोव्हिनियाँ ब्लाँचा आंबटपणा करतो. फेसाळ वाइन भजी किंवा बटाटावड्याचा तेलकटपणा कापते. शिराझला स्वतःचाच मिऱ्यासारखा वास असल्याने ती सुक्या मटणाबरोबर चालते, मात्र मसाला जहाल नसावा. गोड पदार्थाहून वाइन कमी गोड असली तर ती आंबट लागते. पुरणपोळीपुढे उशिराच्या तोडणीची वाइनही कधी कधी कमी पडते.

लाल वाइन 'खोलीच्या तापमानाला' द्यावी, हा संकेत थंड देशांतील खोल्यांचा आहे. तिला १६ ते १८ अंश मानवतात. एप्रिलमधल्या भिवंडीत त्यासाठी बाटली अर्धा तास तरी फ्रिजमध्ये ठेवावी लागते.