मुंबई–नागपूर: हवाई अंतर आणि माजिवड्याची वाट

मुंबई आणि नागपूर या विमानतळांमधले सरळ हवाई अंतर सुमारे 680 किलोमीटर आहे. रेल्वेने हेच अंतर 837 किलोमीटर भरते, कारण गाडी ठाणे-कल्याण ओलांडून थळ घाट चढते आणि भुसावळवरून जाते. हा लोहमार्ग 1867 मध्ये नागपूरला पोचला. ठाण्याहून विदर्भाकडे जाणारी सडक माजिवड्यावरून निघते. पूर्व द्रुतगती महामार्गाने आलेली वाहने इथून घोडबंदरकडे किंवा भिवंडी-नाशिककडे वळतात.

मुंबई–नागपूर हवाई मार्गाला खरे महत्त्व आले ते जानेवारी 1949 मध्ये, रात्रीच्या टपाल विमानांमुळे. मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रास या चार शहरांतून रोज रात्री एकेक विमान निघे. मध्यरात्रीच्या सुमारास चारही विमाने नागपूरच्या सोनेगाव विमानतळावर उतरत. तिथे टपालाच्या थैल्यांची अदलाबदल होई, काही प्रवासीही विमान बदलत आणि पहाटेपर्यंत प्रत्येक विमान आपापल्या शहरी परते. संध्याकाळी मुंबईत टाकलेले पत्र दुसऱ्या दिवशी कलकत्त्यात पोचवणारी ही व्यवस्था 1973 पर्यंत चालली. देशाच्या मध्यावर असण्याचा नागपूरला इतका नेमका उपयोग क्वचितच झाला असेल.

त्या काळच्या डकोटा विमानाचा वेग ताशी 300 किलोमीटरच्या आतच असे. त्यामुळे मुंबईहून नागपूर गाठायला अडीच तासांच्या आसपास लागत. विमानात हवेचा दाब राखण्याची सोय नसल्याने ते फार उंच जाऊ शकत नसे आणि पावसाळ्यात ढगांमधूनच वाट काढावी लागे.

जेट विमाने आली आणि वेग ताशी 800 किलोमीटरवर गेला. निव्वळ भागाकार केला तर पाऊण तासाहून थोडा जास्त वेळ येतो, पण वेळापत्रकात सुमारे दीड तास असतो. विमान जागेवरून हलल्यापासून पुन्हा जागेवर थांबेपर्यंतचा सगळा वेळ त्यात धरतात. मुंबईच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे दोन्ही एकाच वेळी वापरता येत नाहीत आणि उतरण्यासाठी पाळी पाहावी लागते. हिवाळ्यात उंचावरून वाहणारा पश्चिमेचा वारा नागपूरकडे जाताना साथ देतो आणि परतताना आडवा येतो.

ठाणेकरांसाठी हिशेब आणखी वेगळा आहे. माजिवड्याहून विक्रोळीमार्गे सहारच्या मुंबई विमानतळावर जायचे तर अंतर पंचवीसेक किलोमीटरच आहे, तरी गर्दीच्या वेळी तेवढ्यातच विमानप्रवासाइतका वेळ जातो. विमानतळावर आधी पोचण्याचे तास निराळेच. 5 जून 2025 रोजी 701 किलोमीटरचा समृद्धी महामार्ग भिवंडी तालुक्यातल्या आमणेपर्यंत पूर्ण झाला, तेव्हा नागपूरची सडक सुमारे आठ तासांवर आली. त्याच वर्षी 25 डिसेंबरला नवी मुंबई विमानतळावरून उड्डाणे सुरू झाली. माजिवड्याहून तिथे कळवा, ऐरोली आणि ठाणे-बेलापूर रस्त्याने जाता येते. ही वाट सहारपेक्षा लांबची आहे, पण ती मुंबईच्या आत शिरत नाही.