ओवी कुणाच्या नावावर?

मागच्या भागात आपण सातबाऱ्यावर आणि घराच्या उताऱ्यावर बाईचं नाव कसं लावून घ्यायचं ते बोललो. आज आम्ही दुसऱ्याच एका मालमत्तेबद्दल सांगणार आहोत. ही मालमत्ता आपल्या आज्या-पणज्यांनी कमावली, वापरली, वाढवली आणि लेकीसुनांच्या ओटीत टाकली, पण तिच्यावर त्यांचं नाव कुठंच लागलं नव्हतं. जात्यावरच्या ओव्या म्हणजे ती मालमत्ता. त्यांच्यावर नाव कसं लागलं, कुणी लावलं आणि आपल्या गटानं यात काय धरलंय, ते सांगतो.

ओवी किती जुनी आहे? सुमारे नऊशे वर्षांपूर्वी, ११२९च्या सुमारास, सोमेश्वर नावाच्या चालुक्य राजानं ‘मानसोल्लास’ नावाचा मोठा संस्कृत ग्रंथ रचला. त्याची राजधानी कल्याणी, म्हणजे आपल्या मराठवाड्याच्या सीमेला लागून असलेलं आजचं बसवकल्याण. हत्ती, घोडे, दागिने, स्वयंपाक, गाणं, सगळ्याची माहिती त्या ग्रंथात आहे. त्यातच एक नोंद आहे की महाराष्ट्रातल्या बाया कांडण करताना ओवी गातात. म्हणजे राजवाड्यापर्यंत आवाज पोचला होता. नाव मात्र एकीचंही पोचलं नाही.

पुढं आपल्या शेजारच्या गंगाखेडची जनाबाई झाली. दळताना विठ्ठल तिच्या जोडीला बसायचा, ही गोष्ट आपण सगळ्यांनी ऐकलीय. जनाबाईनं अभंगाच्या शेवटी स्वतःचं नाव घातलं, म्हणून ती आपल्याला ठाऊक आहे. ओवीत तशी सोय नाही. ओवी एकीनं सुरू करायची, समोर बसलेलीनं उचलायची, तिसरीनं पाणवठ्यावर ऐकून आपल्या घरी नेऊन बदलायची. मग ती कुणाची? सगळ्यांची, असं म्हणतात. ऐकायला गोड वाटतं. पण जे सगळ्यांचं असतं ते बऱ्याचदा कुणाचंच धरत नाहीत, हे गायरानाच्या बाबतीत आपण पाहिलंच आहे.

जळगावकडच्या बहिणाबाई चौधरी (१८८०–१९५१) लिहायला-वाचायला शिकलेल्या नव्हत्या. घरात आणि शेतात काम करता करता त्यांनी रचलेली गाणी घरच्यांनी कागदावर उतरवून घेतली. त्यांचा मुलगा सोपानदेव स्वतः कवी. आई गेल्यावर ती वही आचार्य अत्र्यांपर्यंत पोचली आणि १९५२ साली पुस्तक निघालं, म्हणून आज बहिणाबाईंचं नाव विद्यापीठाला आहे. पण ज्या बाईच्या घरात कवी मुलगा नव्हता, तिचं काय? साने गुरुजींनी बायकांच्या ओव्या गोळा करून ‘स्त्री जीवन’ हे पुस्तक केलं. सरोजिनी बाबर यांनी लोकसाहित्य समितीच्या मार्फत कितीतरी खंड काढले. ही कामं नसती तर आपल्या हाती फार थोडं उरलं असतं. तरीही बहुतेक जुन्या संग्रहांत ओवी असते ती ‘लोकांची’. ती अमुक गावच्या अमुक बाईनं सांगितली, हे समजायला मार्ग नसतो.

तो मार्ग पुण्यातल्या एका लहान संस्थेनं काढला. हेमा राईरकर आणि गी पॉइटवां या दोघांनी १९८०च्या सुमारास ‘सेंटर फॉर कोऑपरेटिव्ह रिसर्च इन सोशल सायन्सेस’ ही संस्था सुरू केली. नाव लांबलचक आहे, पण काम मातीतलं. गी मूळचे फ्रान्सचे, इथं आले आणि भारताचे नागरिक होऊन राहिले. मुळशी-मावळ भागातल्या डोंगरवस्त्यांत हे दोघं गरीब डोंगरी संघटनेबरोबर काम करायचे. रेशन, पाणी, शाळा, मजुरी असे तिथले प्रश्न. (मुळशी म्हणजे तोच तालुका, जिथं १९२१ साली टाटांच्या धरणाविरुद्ध सेनापती बापटांबरोबर शेतकरी उभे राहिले होते. धरण झालंच, गावं बुडाली आणि वीज मुंबईला गेली.)

या संघटनेत काम करणाऱ्या कार्यकर्त्या त्याच वस्त्यांमधल्या बाया होत्या, हे नीट लक्षात घ्या. ओव्या गोळा करायला बाहेरून कुणी टेपरेकॉर्डर घेऊन आलं आणि निघून गेलं, असं झालं नाही. बायांनी आपल्याच आईकडून, सासूकडून, शेजारणीकडून ओव्या घेतल्या आणि वह्यांत लिहिल्या. मग एकत्र बसून त्यांचा अर्थ लावला. सीतेच्या वनवासाची ओवी आली की प्रश्न निघायचा, ही गोष्ट सीतेची का आपली? नवऱ्यानं घराबाहेर काढलेली, पोटुशी, रानात एकटी बाई. देवळात कीर्तनकार सांगतो ती सीता आणि जात्यावरची सीता यात फरक आहे. जात्यावरच्या सीतेची बाजू घेणारं माणूस तिच्यासमोर खुंट्याला हात लावून बसलेलं असतं. आपल्या बैठकीत हिशोब झाला की आपण घरच्या गोष्टी बोलतो, तशाच या बैठका. फरक इतकाच, की तिथं बोलायला सुरुवात ओवीनं व्हायची. ज्या बाईला स्वतःच्या सासरचं उघड बोलता येत नव्हतं, तिला ओवीतून ते सांगता येत होतं.

आणि प्रत्येक ओवीपुढं सांगणारीचं नाव, गाव, तालुका, जिल्हा लिहिला गेला. पुढं सगळ्या ओव्या विषयवार लावल्या: माहेर, भाऊ, लेक, सासू, विठ्ठल, पाऊस, शेत. हे काम मुळशीतून राज्यभर पसरलं. एकूण एक लाखाहून जास्त ओव्या, एक हजाराहून जास्त गावं आणि तीन हजारांहून जास्त बाया, सगळ्या नावानिशी. १९९०च्या दशकात बर्नार्ड बेल हे फ्रेंच संगीत-अभ्यासक कामात आले आणि ओव्यांचं ध्वनिमुद्रण झालं, त्यामुळं चालीही टिकल्या. नुसता कागद असता तर शब्द राहिले असते, पण कुठं श्वास घ्यायचा, कुठं ‘बाई’ घालून ओळ पुरी करायची, ते गेलं असतं.

आता आपल्या जिल्ह्याकडं या. १९९६ साली ही मंडळी बीड जिल्ह्यात माजलगावला आली. तिथल्या भीमनगरमधल्या बायांनी बाबासाहेबांवरच्या आणि रमाईवरच्या ओव्या सांगितल्या. त्याच चाली, तोच खुंटा. विठ्ठलाच्या जागी भीमराव आले. आम्हाला वाटतं, मराठवाड्याच्या इतिहासाच्या पुस्तकात याला एक पान असायला हवं. चळवळीची भाषणं पुरुषांची छापली गेली. बायांनी ती चळवळ कशी समजून घेतली, हे कळायला पहाटेचं जातंच ऐकावं लागतं. गावोगावी ‘संस्कृती जपू या’ म्हणून ओव्यांच्या स्पर्धा होतात, त्यात पांडुरंग आणि बंधुराया ऐकू येतात, या ओव्या फार कमी. नवऱ्याच्या माराची ओवी तर कधीच नाही.

गी पॉइटवां २००४ साली गेले, त्यानंतर काही वर्षांनी हेमाताईही गेल्या. अशा वेळी संस्थांचं काय होतं ते आपल्याला माहीत आहे: कपाटाला कुलूप आणि कागदाला वाळवी. इथं तसं झालं नाही. पी. साईनाथ यांनी सुरू केलेल्या ‘पारी’ या ग्रामीण संग्रहानं हा ठेवा घेतला आणि २०१७ पासून इंटरनेटवर थोडा थोडा सर्वांसाठी खुला केला. तिथली माणसं जुन्या यादीतली गावं शोधत पुन्हा गेली. काही बाया भेटल्या, त्यांचे फोटो आणि व्हिडिओ घेतले. काही नव्हत्याच. त्यांच्या लेकीसुनांनी आईचा आवाज वीस वर्षांनी मोबाइलवर ऐकला.

जातं परत सुरू करा, असं मात्र आम्ही म्हणत नाही. कोंबडा आरवायच्या आत उठून दोन-तीन तास दळायचं, मग पाणी, मग भाकरी, मग रान. १९७२च्या दुष्काळात खडी फोडून आल्यावर लाल मिलो दळलेल्या बाया अजून आपल्या गावांत आहेत. त्यांच्या तळहाताला विचारा जात्याचं कौतुक. गावात गिरणी आली तो दिवस बायांच्या सुटकेचा होता. पण गिरणीच्या आवाजात गाता येत नाही, आणि समोर बसायला जोडीणही नसते. काम सुटलं तसं गाणंही सुटलं. राहिलं फक्त हळदीच्या दिवशी, घाणा भरताना, पाच ओव्यांपुरतं.

आमच्या ग्रामसंघातल्या गटांनी यंदा हेच काम धरलं. कारण साधं आहे. दिवाळी झाली की आपल्या टोळ्या कारखान्याला जातात. कोयत्यावर आई-बाप दोघंही गेले की मुली आजीजवळ राहतात. चार-पाच महिने घरात दोघीच, एक चौदा वर्षांची आणि एक सत्तरीची. मुलीला वाटतं आजीला काही येत नाही. आजीला वाटतं हिला मोबाइलशिवाय काही सुचत नाही. आम्ही आठवी-नववीच्या मुलींना शाळेच्या बाईंच्या मदतीनं वह्या दिल्या आणि आजीची ओवी लिहून आणायला सांगितलं.

पहिल्या आठवड्यात बहुतेक वह्या कोऱ्या आल्या. “आजी म्हणते आठवत नाही.” मग गटातल्या एकीनं माळवदावर पालथं पडलेलं जातं खाली घेतलं, वडाराकडून टाकी लावून आणली आणि अंगणात मांडलं. ‘गाणं म्हणा’ असं कुणाला म्हणायचं नाही, एवढंच मुलींना सांगितलं. मूठभर ज्वारी घालायची आणि विचारायचं, “आजी, माहेरी दळताना तुझ्यासमोर कोण बसायचं?” हात फिरायला लागला की तोंड आपोआप उघडतं. एका आजीनं दुपारभरात चाळीसच्या वर ओव्या सांगितल्या आणि शेवटी विचारलं, “ह्याला माझं नाव लावणार का गं?” नाव सांगताना त्यांनी माहेरचं सांगितलं. मुलीनं ते आयुष्यात पहिल्यांदा ऐकलं होतं.

वस्तीपासून सुरुवात करायची, असं आम्ही पहिल्याच बैठकीत ठरवलं होतं. गावातून सुरुवात केली की वस्तीपर्यंत जाता जाता वही संपते, हे सगळ्या योजनांचं आपण पाहत आलोय. त्यामुळं आमच्या वहीतली पहिली तीस पानं बुद्धवस्तीतली आणि वडारवाड्यातली आहेत.

मुलींशी एक वाद झाला. शाळेत शुद्धलेखनाचे गुण मिळतात, म्हणून त्या ‘व्हता’चा ‘होता’ करायच्या, ‘पानी’चं ‘पाणी’ करायच्या. आम्ही म्हटलं, आजीनं जसं म्हटलं तसंच लिहा. बाई म्हणाल्या, परीक्षेत नका लिहू. दोन्ही बरोबर आहे. एका मुलीनंच तोड काढली: डाव्या पानावर आजीची ओवी आजीच्या शब्दांत आणि उजव्या पानावर तिचा अर्थ शाळेच्या भाषेत. आता सगळ्याच तसं लिहितात. वरच्या कोपऱ्यात नाव, माहेर, सासर, तारीख आणि ओवी कुणाकडून शिकली ते. ‘आईकडून’ एवढं पुरत नाही. आईचंही नाव विचारायचं.

रेकॉर्डिंग मोबाइलवर करतो, पण मेमरी कार्ड गटाच्या पेटीत, पासबुकांबरोबर राहतं. रेडिओवर काय वाजवायचं ते सांगणारीच ठरवते, आणि तिचं ‘हो’ किंवा ‘नाही’ मुलगी वहीत लिहिते. आजवर अकरा ओव्यांपुढं ‘नाही’ लिहिलंय. त्यातल्या काही देवाच्याही आहेत. कारण विचारायचं नाही, असा नियम आहे. एका आजीनं न विचारता सांगितलं: ओवी सुनेवर रचलेली, सून सध्या कर्नाटकात उसाच्या फडात, आणि तिच्या कोपीवरही मोबाइलवर आपला रेडिओ लागतो. “तिच्या माघारी नको,” म्हणाल्या.

पाडव्याच्या आसपास टोळ्या परत येतील. तेव्हा वही आधी त्या सुनेसमोर उघडायची, असं आजींनीच ठरवलंय. सुनेलाही उत्तराची ओवी सांगायची असेल तर शेजारचं पान कोरं ठेवलंय.