दख्खनच्या लाव्हाथरांतील गाळाची साक्ष

दख्खनच्या पठाराचा काळा खडक लाव्हाच्या थरांवर थर साचून बनला, हे सर्वविदित आहे. परंतु हा लाव्हा जमिनीवर पसरला की समुद्रतळावर, आणि कोणत्या युगात, या प्रश्नांचा निर्णय मुख्यतः दोन लाव्हाथरांच्या मध्ये सापडणाऱ्या गाळाच्या पातळ थरांवर अवलंबून राहिला. म्हणूनच या ‘आंतरट्रॅपीय’ थरांच्या अभ्यासाचा इतिहास उद्बोधक ठरतो.

नागपूर येथील मिशनरी स्टीफन हिस्लॉप व रॉबर्ट हंटर यांनी टाकळी व आसपासच्या थरांविषयीचा आपला निबंध १८५५ मध्ये प्रसिद्ध केला. या थरांत गोड्या पाण्यातील शंख, फळे, बिया आणि भुंगेऱ्यांची पंखकवचे मिळाली. समुद्री जीवांचा मागमूस नव्हता. पुढे १८७९ मध्ये विल्यम ब्लॅनफर्ड यांनी असे प्रतिपादन केले की, लाव्हा उघड्या भूमीवर पसरला आणि दोन उद्रेकांमधील विश्रांतीच्या काळात त्याच्या पृष्ठावर तळी व दलदली निर्माण झाल्या. स्थळाचा प्रश्न अशा रीतीने सुटला.

काळाचा प्रश्न मात्र सुटला नाही. हिस्लॉप यांनी हे थर तृतीयक मानले होते. ब्लॅनफर्ड यांचा कल क्रिटेशसकडे होता. बिरबल साहनी यांनी १९३४ मध्ये वनस्पतींच्या अवशेषांवरून पुन्हा तृतीयकाचा पक्ष मांडला. मतभेदाचे एक मूळ निक्षेपणाच्या परिसरातच होते. तळ्यातील जीव आपापल्या जलाशयापुरते सीमित असतात. त्यांच्यावरून दूरदूरच्या थरांचा कालमेळ घालणे दुष्कर असते. समुद्रात तरंगणारे सूक्ष्मजीव मात्र दूरवर पसरतात व त्यांच्या जाती शीघ्र बदलतात.

अशी साक्ष पूर्व किनाऱ्यावर मिळाली. राजमहेंद्रीजवळ गोदावरीच्या दोन्ही तीरांवर ट्रॅप खडक असून त्यांमधील गाळ खाडीत व उथळ समुद्रात साचलेला आहे. हिस्लॉप यांनी १८६० मध्येच तेथील शंखांचे वर्णन केले होते. त्याच थरांत तृतीयकाच्या आरंभीचे, म्हणजे डेनियन काळाचे, समुद्री फोरॅमिनिफेरा असल्याचे २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दाखविण्यात आले. त्यावरून तेथील खालचा ट्रॅप क्रिटेशसच्या अखेरच्या सुमाराचा व वरचा त्यानंतरचा ठरतो. किरणोत्सारी कालमापनही मुख्य उद्रेक सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या या संधिकालाभोवती ठेवते.

तात्पर्य, उभय पक्षांच्या हाती सत्याचा एकेक अंश होता. जीवाश्मावरून काळ ठरविण्यापूर्वी तो कोणत्या पाण्यात गाडला गेला, हे पाहणे अगत्याचे आहे.