ग्लुकॅगॉन : अशुद्धी ठरलेल्या संप्रेरकाची कहाणी

धाराशिव जिल्ह्यात नवरात्र म्हणजे उपवासाचे दिवस. घटस्थापनेपासून अनेक घरांत नऊ दिवस उपवास धरले जातात. पुढे कोजागिरीच्या सुमारास सोलापूरहून तुळजापूरपर्यंतचे सुमारे ४५ किलोमीटरचे अंतर भाविक मोठ्या संख्येने पायी तोडतात. पोटात फारसे काही नसताना माणूस चालतो, बोलतो, हिशेबही करतो. हे कसे शक्य होते?

थोडे गणित करून पाहू. प्रौढ माणसाच्या रक्तात एका वेळी सुमारे ५ ग्रॅम ग्लुकोज असते, म्हणजे चहाचा एक चमचाभर. मेंदू एकटाच तासाला जवळजवळ तेवढे ग्लुकोज खर्च करतो. तरीही रात्रभर उपाशी असलेल्या निरोगी माणसाचे रक्त तपासले, तर दर १०० मिलिलिटरमध्ये ७० ते १०० मिलिग्रॅम ग्लुकोज सापडते. याचा अर्थ, खर्च होईल तेवढी साखर कोणीतरी रक्तात सतत भरत असते. हे काम यकृत करते, आणि यकृताला तसा आदेश देणाऱ्यांत प्रमुख असते ग्लुकॅगॉन हे स्वादुपिंडातील संप्रेरक. इन्सुलिनचे नाव आज घरोघरी माहीत आहे. त्याच्या या शेजाऱ्याला मात्र ओळख मिळायला पाव शतक वाट पाहावी लागली.

शोध लागला, पण लक्ष गेले नाही

१८६९ साली पॉल लांगरहान्स या जर्मन विद्यार्थ्याने स्वादुपिंडात पेशींची लहान लहान बेटे पाहिली. १९०७ साली लेन या संशोधकाने या बेटांत दोन प्रकारच्या पेशी असल्याचे दाखवले. त्यांना अल्फा आणि बीटा अशी नावे मिळाली. त्यांचे काम काय, हे तेव्हा ठाऊक नव्हते.

१९२१ साली टोरांटोत बँटिंग आणि बेस्ट यांनी स्वादुपिंडाचा अर्क काढून मधुमेही कुत्र्यांची रक्तशर्करा खाली आणली. इन्सुलिनचा हा शोध जगभर गाजला. पण असे अर्क टोचल्यावर काही वेळा साखर उतरण्याआधी थोडा वेळ चक्क वाढत असे. अमेरिकेतील रॉचेस्टर येथे किंबल आणि मर्लिन यांनी या वाढीचा पाठपुरावा केला. १९२३ साली त्यांनी अर्कातून साखर वाढवणारा अंश वेगळा काढला आणि त्याला 'ग्लुकॅगॉन' म्हणजे ग्लुकोजला चालना देणारा असे नाव दिले.

त्या काळात सगळ्यांचे डोळे इन्सुलिनकडे लागले होते, कारण त्यामुळे मरणाच्या दारातली मुले वाचत होती. साखर वाढवणारा पदार्थ ही बहुतेकांच्या दृष्टीने इन्सुलिनमध्ये राहून गेलेली अशुद्धी होती. जर्मनीत माक्स ब्युर्गर यांच्यासारख्या मोजक्याच संशोधकांनी तिचा अभ्यास चालू ठेवला.

दोन बाटल्यांतील फरक

हा विषय पुन्हा वर आला तो बेल्जियमच्या ख्रिस्तियन द दूव यांच्यामुळे. अमेरिकेतील लिली कंपनीचे इन्सुलिन टोचल्यावर सुरुवातीला साखर वाढते, तर डेन्मार्कच्या नोव्हो कंपनीच्या इन्सुलिनने ती वाढत नाही, हे त्यांच्या ध्यानात आले. साखरेची ही वाढ इन्सुलिनचाच गुण असती, तर ती दोन्हीकडे दिसायला हवी होती. तेव्हा पहिल्या बाटलीत आणखी काहीतरी असले पाहिजे, हा तर्क सरळ होता.

१९४८ साली द दूव आणि अर्ल सदरलँड यांनी हा पदार्थ कोठे तयार होतो याचा शोध घेतला. अलोक्झान या रसायनाने बीटा पेशी नष्ट होतात. अशा प्राण्यांच्या स्वादुपिंडात इन्सुलिन जवळजवळ उरत नाही, पण साखर वाढवणारा पदार्थ मात्र सापडतो. म्हणून तो अल्फा पेशींत तयार होत असावा, असा निष्कर्ष त्यांनी काढला. वर्गात 'नियंत्रित प्रयोग' शिकवताना या दोन युक्तिवादांसारखी उदाहरणे क्वचितच मिळतील.

पुढची पावले झपाट्याने पडली. १९५३ साली ग्लुकॅगॉनचे शुद्ध स्फटिक मिळाले. १९५७ साली ते २९ अमिनो आम्लांची साखळी असल्याचे कळले. १९५९ साली रॉजर उंगर आणि सहकाऱ्यांनी ते मोजण्याची सूक्ष्म पद्धत काढली. मग उपाशीपोटी ते वाढते, हे दाखवता आले.

दाराबाहेरचा निरोप

ग्लुकॅगॉन यकृताच्या पेशीत शिरत नाही. ते पेशीच्या आवरणावर येऊन थांबते, तरी आत साठवलेले ग्लायकोजेन फुटून ग्लुकोज बाहेर पडू लागते. निरोप आत कोण नेतो? सदरलँड यांना १९५७ च्या सुमारास हा आतला निरोप्या सापडला. त्याचे नाव सायक्लिक एएमपी. या कामाबद्दल त्यांना १९७१ चे नोबेल मिळाले. त्याच सुमारास मार्टिन रॉडबेल यकृतपेशींच्या आवरणांवर ग्लुकॅगॉनचेच प्रयोग करत होते. संप्रेरक आणि हा निरोप्या यांच्यामध्ये आणखी एक दुवा आहे, हे त्यांनी ओळखले. त्यासाठी १९९४ चे नोबेल त्यांना गिलमन यांच्याबरोबर विभागून मिळाले. एकेकाळच्या 'अशुद्धी'ने पेशींची भाषा समजण्याची वाट उघडली ती अशी.

यकृतातला ग्लायकोजेनचा साठा साधारण १०० ग्रॅमचा. पूर्ण उपवासात तो दिवसभरात बराचसा संपतो. त्यानंतर यकृत अमिनो आम्ले, ग्लिसरॉल यांसारख्या पदार्थांपासून नवे ग्लुकोज बनवते, आणि त्यालाही ग्लुकॅगॉनचीच चालना असते. आपल्या जिल्ह्याचे जुने नाव जिच्यामुळे देशभर पोचले, त्या उस्मानाबादी शेळीला तर असे ग्लुकोज रोजच बनवावे लागते. तिने खाल्लेला पाला पहिल्या पोटातले सूक्ष्मजीव आंबवतात. त्यातून मिळणाऱ्या प्रोपिऑनिक आम्लापासून तिचे यकृत ग्लुकोज तयार करते. पोटात जुळी करडे असताना चारा कमी पडला, तर हा ताळमेळ बिघडून शेळी दगावूही शकते.

शाळेशी याचा संबंध

पहिल्या प्रकारच्या मधुमेहात बीटा पेशी नष्ट होतात, हे आपण शिकवतो. १९७३ साली गेरिख आणि सहकाऱ्यांनी आणखी एक गोष्ट दाखवली. या रुग्णांच्या अल्फा पेशी शाबूत असूनही, रक्तशर्करा घसरली तरी त्या ग्लुकॅगॉन सोडत नाहीत. म्हणजे इन्सुलिन थोडे जास्त झाले किंवा डबा खायला उशीर झाला, तर अशा मुलाला सावरणारा आतला हातही लुळा असतो.

म्हणून ही लक्षणे प्रत्येक शिक्षकाला माहीत हवीत : घाम फुटणे, हात थरथरणे, चिडचिड, गोंधळल्यासारखे बोलणे, डोळ्यांवर झापड. मूल शुद्धीवर असेल तर लगेच तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून पाजावी आणि १५ मिनिटांनी पुन्हा पाहावे. मूल बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालू नये, कुशीवर वळवावे आणि तातडीने दवाखान्यात न्यावे. अशा वेळी ग्लुकॅगॉनचे इंजेक्शन देता येते. २०१९ पासून नाकावाटे देण्याचे ग्लुकॅगॉनही अमेरिकेत वापरात आले. पण गावात ते वेळेवर हाती येईल असे धरून चालता येत नाही. शिवाय उपाशी शरीरात यकृताचा साठाच संपलेला असेल, तर ते फारसे चालतही नाही. मधुमेहींनी उपवास डॉक्टरांना विचारूनच का करावा, याचे उत्तरही इथेच आहे.

वर्गात असे मूल असेल तर कपाटात खडूच्या पेटीशेजारी साखरेची एक डबी ठेवावी, आणि ती कशासाठी आहे हे साऱ्या वर्गाला सांगावे.