सिनेमात जात कोणी आणली?

‘सिनेमा सिनेमासारखा बघा, त्यात जात कशाला आणता?’ हा सल्ला आम्हाला वर्षानुवर्षे मिळत आला आहे. देणारे बहुतेक सज्जन असतात, चित्रपटवेडे असतात आणि आवडत्या दहा चित्रपटांची यादी त्यांच्या ओठांवर असते. आम्हीही चित्रपटवेडेच आहोत. बिमल रॉय मोठे की श्याम बेनेगल, यावर आमच्यात रात्र-रात्र वाद झाले आहेत. पण सिनेमात जात आम्ही आणली, हा आरोप इतिहासाला धरून नाही. ती आमच्या आधीपासून थिएटरात बसलेली होती.

केरळचे उदाहरण घ्या. 1930 च्या सुमारास जे. सी. डॅनियल यांनी ‘विगतकुमारन’ हा मूकपट काढला. मल्याळम सिनेमाचा इतिहास तिथून सुरू होतो. त्यात नायर घराण्यातल्या मुलीची भूमिका पी. के. रोझी या पुलय समाजातल्या दलित तरुणीने केली होती. तिरुवनंतपुरमच्या कॅपिटॉल थिएटरात खेळ लागला आणि पुलय बाई नायर स्त्री होऊन पडद्यावर आलेली पाहून सवर्ण प्रेक्षक खवळले. पडद्यावर दगड पडले. रोझीला जीव वाचवून तामिळ प्रदेशात पळावे लागले, आणि ती पुन्हा कधी पडद्यावर दिसली नाही. लक्षात घ्या, तो मूकपट होता. रोझीचा एक शब्दही कोणाच्या कानावर पडलेला नव्हता. तिचे नुसते दिसणेच सहन झाले नाही.

आता मुंबईत या. 1936 साली मालाडच्या बॉम्बे टॉकीजने ‘अछूत कन्या’ काढला. दिग्दर्शक फ्रान्झ ऑस्टेन हे जर्मन गृहस्थ. अस्पृश्य कस्तुरी झाली देविका राणी, म्हणजे रवींद्रनाथ टागोरांच्या नात्यातली. तिच्यावर दगड पडले नाहीत, कौतुक झाले. दलित बाईने सवर्ण झालेले चालत नाही, सवर्ण बाईने दलित झालेले मात्र चालते. वर ते पुरोगामीही ठरते! सरस्वती देवींचे संगीत आम्हाला आजही गोड वाटते, त्याबद्दल तक्रार नाही. तक्रार शेवटाबद्दल आहे. ब्राह्मण प्रतापवर प्रेम करणारी कस्तुरी अखेर रेल्वे फाटकावर गाडीखाली मरते. प्रेक्षक डोळे पुसत घरी जातो आणि जात जागच्या जागी राहते.

वर्ष पुन्हा पाहा. 13 ऑक्टोबर 1935 रोजी बाबासाहेबांनी येवल्यात ‘हिंदू म्हणून मरणार नाही’ अशी घोषणा केली होती. 1936 मध्येच ‘अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट’ छापले गेले. ज्या मुंबईत बाबासाहेब राहत होते, त्याच मुंबईतल्या स्टुडिओत रडकी, सोशिक अस्पृश्य मुलगी घडवली जात होती. त्याच काळात भीमराव कर्डक आणि त्यांचे साथीदार आंबेडकरी जलसे करत होते. तिथे पडदा नव्हता, कॅमेरा नव्हता. ढोलकी होती आणि समोर आपलीच माणसे. जलशातला अस्पृश्य दया मागत नव्हता, प्रश्न विचारत होता. पुढे वामनदादा कर्डकांनी तीच परंपरा गावोगाव नेली. चित्रपटसंगीताच्या इतिहासात या माणसांना जागा मिळत नाही. मात्र आमच्या आजीला सिनेमातली गाणी अर्धीमुर्धी आठवायची, वामनदादांची पूर्ण पाठ होती.

‘सुजाता’ 1959 चा. नूतनसारखा चेहरा पुन्हा पडद्यावर आला नाही, हे आमचे मत कायम आहे. पण नागपूरच्या धम्मदीक्षेला तेव्हा तीन वर्षे होत होती, लाखो लोक हिंदू धर्म सोडून गेले होते, आणि पडद्यावरची सुजाता मरणाच्या विचारात गांधी घाटावर जात होती. शेवटी तिच्या रक्ताने सवर्ण आईचा जीव वाचतो, तेव्हा कुठे ती घरची मुलगी ठरते. माणूस म्हणून मान्य व्हायला दलित मुलीने आधी रक्त द्यावे, ही अट बिमलदांसारख्या संवेदनशील दिग्दर्शकालाही खटकली नाही.

बेनेगलांच्या ‘अंकुर’मध्ये (1974) प्रथमच राग दिसला. शेवटी एक लहान मुलगा जमीनदाराच्या घराच्या काचेवर दगड मारतो. आम्हाला तो शेवट आवडतो, तरी एक गोष्ट सलते. मार खाणारा किष्टय्या मुका-बहिरा आहे. जो बोलू शकत नाही त्याच्या वतीने दुसरे कोणी तरी बोलायचे, ही सोय इथेही राहिलीच.

मग 2013 साली नागराज मंजुळे यांचा ‘फँड्री’ आला. डुक्कर काठीला बांधून नेताना मागच्या भिंतीवर बाबासाहेब, सावित्रीबाई दिसतात. कोणी काही बोलत नाही, कॅमेराही थांबून समजावून सांगत नाही. आणि जब्या शेवटी दगड भिरकावतो तो थेट कॅमेऱ्यावर, म्हणजे आपल्यावर, टाळ्या वाजवायला आलेल्यांवर. योगायोग असा की त्याच वर्षी केरळात डॅनियल आणि रोझी यांच्यावरचा ‘सेल्युलॉइड’ आला.

टीव्हीबद्दल फार लिहिण्यासारखे नाही. 2019 मध्ये स्टार प्रवाहवर बाबासाहेबांवरची मालिका सुरू झाली, तेव्हा वस्तीतल्या बायका कामे आटोपून वेळेवर बसायच्या. मालिका म्हणून ती ताणलेली होती, हे आम्ही तेव्हाही म्हणत होतो. पण रोज रात्री घराघरात बाबासाहेब येणे ही गोष्ट लहान नव्हती.

तर प्रश्न होता, जात कशाला आणता? ‘सैराट’ (2016) वर सगळा महाराष्ट्र नाचला. दोन वर्षांनी त्याचा हिंदी ‘धडक’ झाला. अजय-अतुल तेच आणि ‘झिंगाट’ची चालही तीच. नायिका उदयपूरच्या राजकारण्याच्या हवेलीतली, नायक हॉटेलवाल्याचा मुलगा. जातीचा उल्लेख इतका पुसट की न ऐकला तरी चालेल. शेवटी खून मात्र ठेवला. थिएटरातून बाहेर पडताना आम्ही एकमेकांना विचारत होतो, या पोराला नेमके कशासाठी मारले?