प्राध्यापकांची आंतरजालावरील ओळख

शेगाव म्हटले की गजानन महाराजांचे समाधिमंदिर डोळ्यांसमोर येते. याच गावात १९८३ साली श्री संत गजानन महाराज अभियांत्रिकी महाविद्यालय स्थापन झाले. ते संत गाडगेबाबा अमरावती विद्यापीठाशी संलग्न आहे. महानगरांपासून दूर असलेल्या अशा संस्थांतील अध्यापकाची परगावच्या संशोधकांशी पहिली भेट बहुधा संगणकाच्या पडद्यावरच होते. त्यामुळे तेथील नोंद अचूक ठेवणे ही व्यावसायिक गरज ठरते.

पहिली अडचण नावाची. देशमुख, पाटील, वानखडे ही आडनावे विदर्भात गावोगावी आढळतात. एकाच अध्यापकाचे नाव कधी आद्याक्षरांनी, तर कधी पूर्ण छापले जाते. वानखडेचे वानखेडे होते. विवाहानंतर आडनाव बदललेल्या प्राध्यापिकेचे आधीचे संशोधन वेगळ्याच नावावर राहते. यावर उपाय म्हणून ऑक्टोबर २०१२ मध्ये 'ऑर्किड' हा १६ अंकी ओळखक्रमांक सुरू झाला. तो संशोधकाला विनामूल्य मिळतो आणि नाव वा नोकरी बदलली तरी कायम राहतो.

'गूगल स्कॉलर' ही सेवा २००४ पासून शोधनिबंध व त्यांचे इतरांनी दिलेले संदर्भ यांची नोंद घेते. तेथील यादी आपोआप वाढत असल्याने नामसाधर्म्यामुळे दुसऱ्याचे निबंधही तीत शिरतात. ते वगळणे ही खातेदाराचीच जबाबदारी होय. जॉर्ज हिर्श या भौतिकशास्त्रज्ञाने २००५ मध्ये मांडलेला 'एच-निर्देशांक' याच संदर्भांवर आधारलेला आहे. प्रत्येकी किमान १० वेळा संदर्भ मिळालेले १० निबंध असतील, तर हा निर्देशांक किमान १० होतो.

भारतात गांधीनगरच्या 'इन्फ्लिबनेट' केंद्रातर्फे तज्ज्ञांची माहिती देणारे 'विद्वान' आणि पीएच.डी.च्या प्रबंधांचे 'शोधगंगा' हे संग्रह चालविले जातात.

मात्र संख्येच्या हव्यासापोटी पैसे घेऊन काहीही छापणाऱ्या नियतकालिकांचे फावले. त्यांना आळा घालण्यासाठी विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१९ मध्ये 'केअर' यादी आणली. २०२५ मध्ये ती बंद करण्याचा निर्णय जाहीर झाला. नियतकालिक पारखण्याचा भार त्यामुळे संस्था व अध्यापकांवर आला.

या मोजपट्टीची मर्यादाही ध्यानात घ्यावी लागते. मराठीतील ग्रंथ आणि नियतकालिकांतील लेखन आंतरराष्ट्रीय सूचींत फारसे नोंदले जात नाही. त्यामुळे भाषा वा इतिहासाच्या व्यासंगी अध्यापकाचा निर्देशांक तोकडा दिसू शकतो. तेव्हा आकड्याबरोबर मूळ लेखन वाचूनच त्याची योग्यता ठरविणे न्याय्य होय.